साहेबाचे कट्टे आणि एक साल

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

विजयदुर्गावरचा तुझा लेख वाचला. किल्ल्यातल्या ‘साहेबाच्या कट्ट्यां’वरून (दुर्बिणी ठेवायच्या चौथऱ्यांवरून) इंग्रज खगोलज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी १८६८ साली, सूर्यग्रहण पाहताना, हेलियमचा शोध लावला, असे लिहून तू तीन पुरावे दिले आहेस: कट्टे, वडीलधाऱ्यांचे सांगणे आणि माहितीफलक. मीही बरीच वर्षे वर्गात हेच सांगत आलो, तेव्हा रागावण्याचा अधिकार मला नाही. पण हे तिन्ही पुरावे एका जातीचे नाहीत.

कट्टा म्हणजे बांधकाम झाल्याची खूण. साल कोरलेले नसेल तर त्याबाबत तो मुकाच असतो. तोंडी आठवण माणसाचे नाव पिढ्यान्‌पिढ्या जपते, साल मात्र तिच्याकडून सहज निसटते. फलक ही तीच आठवण रंगाने लिहिलेली, म्हणून त्याला वेगळा साक्षीदार धरू नकोस.

आता त्या काळचे लेखी वृत्तांत पाहा. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाला फ्रेंच खगोलज्ञ जान्सेन गुंटूरला होते. लॉकियर इंग्लंडमध्येच होते आणि त्यांचे हेलियमशी जोडले जाणारे गाजलेले निरीक्षण २० ऑक्टोबरला, ग्रहणाविनाच, तिथून झाले. (ऐन पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर सूर्याची वाट पाहत कोण बसेल, ही शंका मलाही कधी आली नाही.) मात्र २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी लॉकियर यांची छावणी खरोखरच विजयदुर्गला पडली होती. म्हणजे गावाने साहेब खरा सांगितला, ग्रहणही खरे सांगितले. घोळ तीस वर्षांचा झाला. लॉकियर यांचा वृत्तांत दुर्बिणी आणि आकाश यांच्यासाठी लिहिलेला आहे. कट्ट्यांचे चिरे कोणी वाहिले, हे विचारायला पुन्हा गावातच जावे लागेल.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या कशेळीला हाच प्रश्न वेगळ्या रूपात भेटतो. कनकादित्य मंदिरातला शिलाहार राजा भोजाचा शके १११३ चा ताम्रपट दान दिल्याचे सांगतो, ते किती काळ पोचत राहिले हे सांगत नाही. त्याच गावच्या सड्यावरच्या, म्हणजे कातळपठारावरच्या, हत्तीच्या कातळशिल्पाजवळ तर अक्षरच नाही, तिथे खोदलेली रेषा आणि जांभ्याची झीज एवढ्यावरच भागवावे लागते.

दिवाळीनंतर गवत वाळले की टेप आणि होकायंत्र घेऊन किल्ल्यावर जा, कट्ट्यांची मापे आणि दिशा टिपून आण. जानेवारीतला आणि ऑगस्टमधला सूर्य आकाशात एका जागी नसतो. तोवर लेख छापायला देऊ नकोस.

तुझा,
गुरुजी