'बघू' म्हणणारी मुलगी

पत्र : माझा फॅब्रिकेशनचा व्यवसाय आहे, शिक्षण सातवी. १९९८ मध्ये वेल्डर म्हणून मस्कतला निघालो होतो. एजंटने सगळे कागद केल्याचं सांगितलं होतं, पण इमिग्रेशनच्या काउंटरवरून मला परत पाठवलं आणि विमान गेलं. तेव्हाच ठरवलं, माझं मूल त्या खुर्चीत बसेल. मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. एका संस्थेत 'एअरपोर्ट इमिग्रेशन ऑफिसर' डिप्लोमा आहे. फी १ लाख ४० हजार, नोकरीची हमी. मुलीच्या जातीला एका जागेची सुरक्षित नोकरी बरी, गावात नावही होईल. तिला विचारलं तर 'बघू' म्हणते. सारखी मोबाईलवर जर्मन शिकत बसते. प्रवेश कधी घ्यावा?
— एक पालक, सांगली जिल्हा

नमस्कार,

प्रवेश घेऊ नका. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. पण पत्र तीनदा वाचलं, म्हणून पुढचं लिहितोय.

पत्रात विमानतळ आहे, एजंट आहे, मस्कत आहे. मुलगी शेवटी येते, तीही एका शब्दापुरती. आपल्या घरांत वडिलांसमोर मुलीने म्हटलेलं 'बघू' म्हणजे बहुतेक वेळा 'नाही' असतं. स्पष्ट नाही म्हटलं तर घरात काय होईल, हे तिला ठाऊक असतं. तुम्ही त्या 'बघू'चा अर्थ लावलात 'चालेल' असा, आणि थेट फीपर्यंत पोचलात.

त्या दिवशी रांगेतून मागे फिरताना तुम्हाला काय वाटलं असेल, ते समजतं. कर्ज काढून निघालेला माणूस सामान घेऊन घरी येतो, ही साधी गोष्ट नाही. पण तुमचा राग चुकीच्या माणसावर आहे. कमी शिकलेल्या कामगाराला आखातात नोकरीसाठी जाताना 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' या कार्यालयाची मंजुरी लागते, १९८३च्या एमिग्रेशन कायद्यानुसार. दहावी न झालेल्यांना ती आजही लागते. पगार, करार खरा आहे ना, तिकडे माणूस फसणार नाही ना, हे पाहण्यासाठी ती आहे. तेव्हा हे काम कामगार मंत्रालयाकडे होतं, आता परराष्ट्र मंत्रालयाकडे आहे. काउंटरवरचा माणूस मंजुरी आहे की नाही एवढंच बघतो. बहुधा तुमच्या एजंटने ती घेतलीच नव्हती. ज्याने तुम्हाला बुडवलं तो खुर्चीत बसलेला नव्हता, आणि त्या खुर्चीत मुलीला बसवून त्याचा हिशेब चुकता होणार नाही.

आता त्या खुर्चीबद्दल. विमानतळावर सगळे 'साहेब' सारखेच दिसतात. दारावरचा जवान सीआयएसएफचा, सामान उघडायला लावणारा कस्टम्सचा, म्हणजे अर्थ मंत्रालयाचा. पासपोर्ट देतं परराष्ट्र मंत्रालय. त्यावर शिक्का मारतो ब्युरो ऑफ इमिग्रेशन, तो गृह मंत्रालयाचा. १९७५ साली सुरू झालेल्या या ब्युरोची माणसं मुख्यतः इंटेलिजन्स ब्युरोतून, म्हणजे आयबी या केंद्राच्या गुप्तचर खात्यातून येतात, काही प्रतिनियुक्तीवर. कुठलाही खासगी डिप्लोमा त्या काउंटरपर्यंत नेत नाही. 'हमी' देणाऱ्याला एकच विचारा : ही हमी गृह मंत्रालयाच्या कुठल्या पत्रावर आहे? बहुतेकदा तिथून मुलं विमान कंपनीच्या चेक-इनला किंवा सामानाच्या ट्रॉल्यांपाशी लागतात. त्यात कमीपणा काही नाही, पण त्यासाठी लाखभर कशाला?

खरा रस्ता आयबीच्या एसीआयओ, म्हणजे असिस्टंट सेंट्रल इंटेलिजन्स ऑफिसर या पदाच्या परीक्षेचा : कुठलीही पदवी, वय १८ ते २७, दोन लेखी टप्पे आणि मुलाखत. २०२५ मध्ये ३,७१७ जागा निघाल्या होत्या. दहावीवर सिक्युरिटी असिस्टंटची भरती असते, तिथे स्थानिक भाषा यावी लागते.

पण निवड झाली म्हणजे विमानतळ मिळाला, असं नाही. बदली देशात कुठेही. इमिग्रेशनचं ठाणं अटारीला आहे, बंगालमध्ये पेट्रापोलच्या सीमेवरही आहे. रात्रपाळ्या असतात. तुमची 'एका जागेची' नोकरी ती ही नव्हे. आणि गावात नाव? आयबीच्या माणसाने आपलं खातं मिरवायचं नसतं. संघटना काढणं आणि वृत्तपत्रांशी बोलणं यांवर गुप्तचर खात्यांसाठीच्या १९८५च्या कायद्याचीच बंधनं आहेत. तुम्हाला अभिमानाने सांगायचंय, तिला गप्प राहावं लागेल.

शिवाय शिक्के मारणाऱ्या हातांची गरजही कमी होत चाललीय. २०२४ मध्ये दिल्लीत आणि २०२५च्या जानेवारीत मुंबईत सुरू झालेल्या ई-गेटमधून नोंदणी केलेला प्रवासी चेहरा दाखवून पार होतो.

राहिली जर्मन. तुम्ही ती 'मोबाईलवर बसते'च्या खात्यात टाकलीत. कोणी न सांगता, फी न भरता एखादी मुलगी रोज परकी भाषा शिकते, हे मला तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वाटलं. ती कुठल्या पातळीवर आहे, विचारलंत का कधी? ए-१, ए-२ अशा परीक्षा असतात, पुण्यात मॅक्सम्युलर भवन या जर्मन भाषेच्या संस्थेत होतात. त्यांची फी तुमच्या डिप्लोम्यापुढे किरकोळ आहे. तिला पुढे काय करायचंय ते मला माहीत नाही, तुम्हालाही नाही. कदाचित आयबीही असेल, कोण जाणे.

पुढचं पत्र तिला लिहू द्या. पाठवायच्या आधी तुम्ही वाचायचं नाही, एवढी एकच अट.