डॉक्टर, मंगळावर कधी जायचं?

मंगळमोहिमेवर सांगलीत एक व्याख्यान दिलं, तेव्हापासून पत्रांचा विषय बदललेला नाही. मी एरोस्पेस मेडिसिनचा डॉक्टर. रॉकेट बांधणं माझं काम नव्हे, त्यात बसणाऱ्या माणसाची प्रकृती पाहणं हे माझं काम. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून काहींची उत्तरं इथे एकत्र देतो.

२७ ऑगस्टला मंगळ चंद्राएवढा दिसणार, असा मेसेज गावच्या ग्रुपवर आलाय. गच्चीवर किती वाजता जावं? (कोरेगाव)

जाऊ नका, झोपा. हा मेसेज २००३ सालचा आहे. त्या वर्षी मंगळ खरंच खूप जवळ, म्हणजे सुमारे ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर आला होता. तरीही नुसत्या डोळ्यांना ठिपकाच दिसला.

मंगळावर हवा आहे म्हणतात. मग नुसता ऑक्सिजनचा मास्क लावून फिरता येईल का? (वाई)

नाही. हवेचा दाब आपल्या एक टक्क्याहूनही कमी आहे. अंगभर दाबाचा पोशाख हवाच.

भाच्याच्या वाढदिवसाला ऑनलाइन मंगळावर एक एकर जमीन घेतली. प्रमाणपत्रही आलं. ही मालकी पुढे वारसांना मिळते का? (सांगली)

सातबारा कोणता तलाठी देणार आहे? १९६७ च्या बाह्य अवकाश करारानुसार कुठल्याही देशाला दुसऱ्या ग्रहावर मालकी सांगता येत नाही, आणि भारत त्या करारात आहे. देशांनाच जे मिळत नाही, ते या विक्रेत्याला कुणी दिलं? प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लावा, हरकत नाही. रक्कम मोठी असेल तर मात्र पावती घेऊन वकिलांना भेटा. मंगळाच्या नावाने पैसे गोळा करणं नवं नाही. ‘मार्स वन’ नावाच्या डच उपक्रमाने एकतर्फी प्रवासासाठी लोकांकडून शुल्क घेऊन अर्ज भरून घेतले होते. निवडलेल्या शंभर जणांत भारतीयही होते. २०१९ मध्ये त्यांची कंपनी दिवाळखोरीत गेली.

मुलगी आठवीत आहे, चष्म्याचा नंबर अडीच. एक क्लासवाले ‘भावी अंतराळवीर’ कोर्सला लाखभर रुपये मागतात, आणि लेसर करून घ्या म्हणतात. (सातारा)

पैसे देऊ नका, आणि लेसर तर मुळीच नको. या वयात नंबर स्थिर झालेला नसतो. गगनयानासाठी निवडलेले चौघेही हवाई दलाचे चाचणी वैमानिक आहेत, ते कुठल्या क्लासच्या बॅचमधून आलेले नाहीत. एनडीएत आता मुलींनाही प्रवेश मिळतो. दृष्टीचे निकष अधिकृत जाहिरातीत छापलेले असतात. ते घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. साताऱ्यात १९६१ पासून सैनिक स्कूल आहे, तिथे शिकवणाऱ्यांना विचारा. संशोधनाची वाट चष्म्याने अडत नाही. तिरुवनंतपुरमची आयआयएसटी ही अवकाशविज्ञान शिकवणारी संस्था त्यासाठीच आहे.

मंगळाच्या वाटेवर कुणाला अपेंडिक्सचा त्रास झाला, तर परत आणतील का? (नर्सिंगची विद्यार्थिनी, मिरज)

शाब्बास! सगळे इंजिनाबद्दल विचारतात, पोटाबद्दल कुणी विचारत नाही.

नाही, परत आणता येणार नाही. स्पेस स्टेशन आपल्या डोक्यावर ४०० किलोमीटरवर आहे. तिथून गरज पडली तर काही तासांत खाली येता येतं. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ ची ऑक्सिजनची टाकी चंद्राच्या वाटेवर फुटली, तरी त्यातले तिघं अंतराळवीर चार दिवसांत घरी आले. मंगळाकडे निघालेल्या यानाला मात्र मध्येच माघारी फिरायला इंधन नसतं. शिवाय पृथ्वी आणि मंगळ प्रवासाला सोयीच्या जागी साधारण २६ महिन्यांनी येतात. जायला सहा ते नऊ महिने, तिथे दीडेक वर्षाचा मुक्काम, परतीला पुन्हा तितकेच महिने. पेशंट मधल्या काळात आजारी पडला, तर आजार बरा झाला किंवा नाही झाला तरी प्रवास वेळापत्रकाप्रमाणेच चालणार.

फोनवर सल्ला घ्यावा, तर अंतराप्रमाणे आवाज पोहोचायला तीन ते बावीस मिनिटं लागतात. ‘पोटात दुखतंय’ असं सांगितलं आणि ‘कुठल्या बाजूला?’ हा प्रश्न परत आला, एवढ्यात पाऊण तास गेलेला असू शकतो. १९६१ मध्ये अंटार्क्टिकाच्या तळावर लिओनिद रोगोझोव्ह या रशियन डॉक्टरने स्वतःचंच अपेंडिक्स काढलं होतं, कारण तिथे दुसरा डॉक्टर नव्हता. पण त्याच्याकडे गुरुत्वाकर्षण होतं. वजनरहित अवस्थेत रक्त खाली ओघळत नाही. ते जखमेवर गोळा होऊन चिकटतं किंवा थेंब होऊन केबिनभर तरंगतं.

स्पेस स्टेशनवर एका अंतराळवीराच्या मानेतल्या शिरेत गुठळी सापडली होती. इंजेक्शनांचा साठा मोजका होता, तो पुरवून वापरला. मग गोळ्या मालवाहू यानातून वर गेल्या. मंगळाच्या वाटेवर हे मालवाहू यान कुठून येणार? बरीच औषधं तर तीन वर्षांच्या आत मुदतबाह्य होतात. प्रवासाला निघण्यापूर्वीच निरोगी अपेंडिक्स काढून टाकावं का, यावर डॉक्टरांत वाद आहेत. माझं मत विचाराल तर चमूत एक नव्हे, शस्त्रक्रिया जाणणारे दोघं हवेत, कारण आजारी पडणारा डॉक्टरच असू शकतो.

आणि इथे? रिक्षाने दहा मिनिटांवर सर्जन असतो, तरी लोक पोटाला हिंग लावून दोन-दोन दिवस दुखणं अंगावर काढतात. अपेंडिक्स फुटल्यावर येतात आणि म्हणतात, ‘गॅस वाटला.’ पोटात उजवीकडे खाली दुखत असेल, सोबत ताप किंवा उलटी असेल, तर हे वाचणं थांबवा आणि आत्ताच दाखवायला जा.

मोबाइलच्या रेडिएशनपासून वाचवणारं लॉकेट घेतलं. अंतराळवीरांना असंच काही देतात का? (विटा)

लॉकेट परत करा. मोबाइलच्या लहरी आणि अवकाशातले वेगवान कण यांचा काही संबंध नाही. नासाच्या क्युरिऑसिटी यानाने मंगळाच्या वाटेत केलेल्या मोजणीवरून नुसत्या जाण्यायेण्यात सुमारे ६६० मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या रेडिएशनचं माप) मात्रा मिळेल, असा हिशेब निघाला. नासाची अंतराळवीरासाठी अख्ख्या कारकिर्दीची मर्यादा ६०० आहे. त्यावर लॉकेटचा उपाय नाही. जाड आडोसा, कमी दिवसांचा प्रवास आणि मंगळावर मातीखालचं घर, एवढेच उपाय आहेत. मात्र हे वाचून डॉक्टरांनी सांगितलेला सीटी स्कॅन टाळू नका. शंका असेल तर त्यांनाच विचारा.

मंगळाच्या लाल मातीत द्राक्ष येईल का? ऑनलाइन ‘मंगळमाती’ मिळते, प्रयोग करू का? (तासगाव)

मंगळाची माती मोहिमेतून अजून पृथ्वीवर आणलेलीच नाही. नासाच्या पर्सिव्हरन्स या मंगळावरच्या गाडीने नमुने भरलेल्या नळ्या तिथेच आहेत. विकतात ती आपल्याच दगडांची भुकटी असते. खऱ्या मातीत परक्लोरेट नावाचा क्षार आहे, ते २००८ मध्ये फिनिक्स यानाला सापडलं. ते थायरॉइडला घातक आहे, म्हणजे आधी माती धुवायची आणि मग लागवड. उघड्यावर तर पाणीच टिकणार नाही. बंद घरात, पाण्यावर भाजी पिकवता येईल. स्पेस स्टेशनवर २०१५ मध्ये लेट्यूस पिकवून खाल्लंही. तुमच्या बागेच्या मातीचं मात्र परीक्षण करून घ्या, ते जास्त तातडीचं आहे.

मग माणूस नक्की कधी पोहोचणार? २०३० धरू का? (कऱ्हाड)

धरू नका. १९६९ मध्ये रॉकेटतज्ज्ञ व्हर्नर फोन ब्राऊन यांनी १९८२ मध्ये माणूस मंगळावर उतरवण्याची योजना मांडली होती. १९९० मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी २०१९ सांगितलं. मंगळावर आजवर उतरवलेलं सर्वांत जड यान साधारण एक टनाचं आहे, आणि माणसांसाठी वीस टन आणि त्याहून जास्त उतरवावं लागेल. विरळ हवेत पॅराशूट तेवढा भार पेलत नाही. पर्सिव्हरन्सवरच्या मॉक्सी यंत्राने मंगळाच्या हवेतून ऑक्सिजन काढला, हे कौतुकाचंच. पण सोळा वेळा चालवून मिळाला एकूण १२२ ग्रॅम, एका माणसाला चार तासही न पुरणारा. जाणार नाही असं मी म्हणत नाही. तारीख सांगणाऱ्याकडे मात्र आधी शेअर विकायला आहेत का, ते बघा.

वय ६८, बीपी आहे, गोळ्या सध्या बंद केल्यात. मला संधी आहे का? (फलटण)

नाही. गोळ्या कुणाला विचारून बंद केल्या? उद्या सकाळीच तुमच्या डॉक्टरांकडे जा.