वडील माजी सैनिक होते, नुकतेच वारले. त्यांच्या आठवणी लिहायच्या आहेत, सुरुवात कुठून करू?

लढाईपासून सुरुवात करू नका, घरापासून करा. यावरून माझं सख्ख्या भावाशी भांडण झालंय, म्हणून ठामपणे सांगते.

माझे वडील, आप्पा, मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत होते. १९६३ ला बेळगावला भरती झाले, १९८१ ला हवालदार म्हणून पेन्शनीत आले, मग साखर कारखान्यावर वॉचमन. ऐंशी वर्षं जगले. त्यातली फौजेतली अठरा. पण त्यांच्या दहाव्याला बोलणारा प्रत्येक जण त्या अठराबद्दलच बोलला, आणि तेही चुकीचं. दादाने लावलेल्या फ्लेक्सवर मागे रणगाडा होता. आप्पा पायदळातले. एकाने तर ते लाहोरच्या बाजूला लढल्याचं सांगितलं. ते १९७१ ला पूर्वेला होते, आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरला.

जमालपूरची हकीकत पुस्तकांत आहे. आपल्या बाजूचे ब्रिगेडियर क्लेर यांनी पाकिस्तान्यांना शरण या म्हणून चिठ्ठी धाडली, तिकडून उत्तरात बंदुकीची गोळी आली, आणि १० डिसेंबरच्या रात्री वेढ्यातून निसटणारे पाकिस्तानी बलुच पलटणीचे सैनिक मराठ्यांच्या मोर्चेबंदीवर येऊन आदळले. आप्पा यातलं एवढंच सांगायचे, "रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता. सकाळी दोन्हीकडची माणसं उचलली." पुढं विचारलं की उठून गोठ्यात जायचे.

मग दहाव्याला मी उठले आणि आईबद्दल बोलले. २००९ ला आईची उजवी बाजू लुळी पडली. त्यानंतर ती अकरा वर्षं जगली, ती आप्पांमुळे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होतात, हे डॉक्टरांनी एकदाच सांगितलं. त्या दिवसापासून आप्पा दर दोन तासांनी उठायचे, रात्रीसुद्धा, उशाला गजराचं घड्याळ ठेवून. कूस वळवताना फौजेत पहारेकरी बदलताना म्हणतात तसं म्हणायचे, "चला, संत्री बदली." आई तोंड वाकडं झालेलं असतानाही हसायची. अकरा वर्षांत तिच्या पाठीला एक जखम झाली नाही. तिची वेणी घालायचे, भाकऱ्या थापायचे, लुगडी धुवायचे. भावकीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या, आप्पांनी कधी मान वर करून पाहिलं नाही.

एवढंच मी सांगितलं. घरी आल्यावर दादा म्हणाला, "चारचौघांत बापाची इज्जत घालवलीस. बायकोची लुगडी धुतली हे सांगायचं असतं का?" मी म्हटलं, हेच सांगायचं असतं. जमालपूरला त्यांच्यासोबत अख्खी पलटण होती. इथं रात्री दोन वाजता ते एकटे होते.

दादाचं जुनं दुखणं वेगळंच आहे. "आप्पा आमच्या लहानपणी घरात होतेच कुठं?" हे त्याचं चाळीस वर्षांचं वाक्य. परवा ट्रंक उपसली तेव्हा तळाशी आईने मनिऑर्डरच्या संदेशाच्या पट्ट्या दोऱ्यात ओवून ठेवलेल्या सापडल्या. जानेवारी १९७२ ची एक आहे, पत्ता ९९ एपीओ, म्हणजे फौजी टपालाचा. "मी खुशाल. पोराला स्वेटर घेणे. त्याचा कान वाहतो तो तालुक्याला दाखवणे." ते पोर म्हणजे दादा. लढाई संपून महिना झाला नव्हता आणि या माणसाला दोन वर्षांच्या पोराचा कान आठवत होता. फोटो काढून दादाला पाठवला. त्याने अजून काही लिहिलेलं नाही, पण गेल्या रविवारी फोन आला आणि आईचं ते घड्याळ कुठे आहे म्हणून विचारलं.

तर तुम्ही आधी ट्रंक उघडा. पत्रं, पट्ट्या, डिस्चार्ज बुक, काही टाकू नका. मेडलच्या कडेवर नंबर आणि नाव कोरलेलं असतं, भिंगातून बघा. 'पूर्वी स्टार' नावाचं मेडल असेल तर ७१ ला पूर्वेला होते, 'पश्चिमी स्टार' असेल तर पश्चिमेला, म्हणजे भाषणात कोणी भलतीकडे नेणार नाही. मग आई, आत्या, शेजारी यांना बसवून विचारा, आणि युद्धाचं नको, तर सुट्टीवर आल्यावर पहिल्या दिवशी काय करायचे ते विचारा.

सगळेच फौजी आप्पांसारखे होते असं माझं म्हणणं नाही. तुमचे वडील घरात कडक असतील, दारू पीत असतील, तर तेही लिहा. आणि हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: आई हयात असतील तर लिखाण राहू द्या, मृत्यूचा दाखला आणि पीपीओ (पेन्शनचा आदेश) घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, फॅमिली पेन्शनचं काम आधी मार्गी लावा.

पलटण कोणती होती ते कळवा. जंगी असेल तर माझ्याकडे ग्रुप फोटो आहे, त्यात तुमचे वडील आहेत का बघू.