थंड प्रदेशातील द्राक्षबागेत मार्च-एप्रिलमध्ये नेमके कोणते काम असते?

आपण विचारले आहे की, नाशिककडे घरची द्राक्षबाग सांभाळलेल्या माणसाला मार्चमध्ये फ्रान्समधील शाब्ली येथे हंगामी कामासाठी जायचे असल्यास तिथे काम कोणते असते आणि इथला अनुभव कितपत उपयोगी पडतो. मी मूळचा निफाड तालुक्यातला. शाब्लीत तीन वसंत काम केले, त्यावरून सांगतो.

कात्रीवर बसलेला हात उपयोगी पडतो, वेळापत्रक मात्र इथेच ठेवून जावे लागते. आपल्याकडे वेल कधी जागवायची हे आपण ठरवतो. एप्रिलमध्ये नव्या काड्यांसाठी खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, मग डोळ्यांना, म्हणजे काडीवरच्या अंकुरांना, फूट आणणारी पेस्ट लावली की बाग एकसारखी फुटते आणि माल कधी निघेल याचा अंदाज छाटणीच्या तारखेवरूनच बांधता येतो. शाब्लीत छाटणी वर्षातून एकदाच, वेल झोपेत असताना होते. तिला जाग कधी येणार हे माती आणि हवा ठरवतात, आणि मार्चमधल्या बऱ्याच कामांचा रोख ती जरा उशिरा उठावी, लवकर उठलीच तर हाताशी काहीतरी शिल्लक असावे, याकडे असतो.

आपण पोहोचाल तेव्हा छाटणी संपत आलेली असेल. मात्र खोलगट, गारठा साचणारे तुकडे पुष्कळदा मुद्दाम शेवटी ठेवलेले असतात. न छाटलेल्या काडीवर शेंड्याकडचे डोळे आधी फुटतात आणि खालचे दबून राहतात, त्यामुळे उशिरा छाटलेल्या वेलीचे कामाचे डोळे काही दिवस मागे राहतात. पद्धत गुयो नावाची आहे. मांडव नाही, वाय आकाराचा आधार नाही, ओलांडे म्हणजे कायमच्या आडव्या फांद्याही नाहीत. गुडघ्याएवढ्या खोडावर गेल्या वर्षीची एक किंवा दोन काड्या मोजक्या डोळ्यांवर राखायच्या, पुढच्या वर्षाच्या काडीसाठी दोन डोळ्यांचा खुंट ठेवायचा आणि बाकीचे सारे काढून टाकायचे. आपल्याकडे नऊ बाय पाच फुटांवर एकरी हजाराच्या आत वेली बसतात, तिथे एकरी दोन हजारांहून अधिक. हात डोक्यावर धरून काम करायची सवय असलेल्या माझ्या कंबरेने पहिल्याच आठवड्यात तक्रार केली.

माती दहा अंशांच्या आसपास आली की छाटलेल्या टोकांतून पाणी ठिबकू लागते. त्याने वेलीचे नुकसान होत नाही. उलट काडी लवचीक होते, म्हणून बांधणी याच दिवसांत आणि शक्यतो दमट हवेत उरकतात. काडी तारेकडे नेताना एकाच जागी वाकवायची नाही, अंगठे सरकवत थोडी थोडी वळवायची. आतून बारीक कडकड ऐकू येते, ती चालते. मोठा कट् असा आवाज झाला की काडी गेली. शेजारच्या ओळीतल्या साठीच्या बाई न बघता, नुसत्या आवाजावर माझे काम तपासत असत. बांधणी रेंगाळून डोळे कापसले, म्हणजे फुगून कापसासारखे दिसू लागले, तर बाहीच्या धक्क्यानेही डोळा गळतो, आणि काडीवर सात-आठच डोळे असताना तो परवडत नाही.

त्याच सुमारास तारा ताणणे, मोडके खांब बदलणे आणि खोडाशी चढलेली माती मागे ओढणे चालू असते. ओळींमधले गवत बारीक कापून ठेवतात, कारण उंच, ओलसर गवताने हिमाचा धोका वाढतो.

एप्रिलमधली खरी नोकरी रात्रीची आहे. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमीन भराभर निवते आणि जड, गार हवा उतारावरून खाली येऊन साचते. कापसलेला डोळा उणे तीन अंशांपर्यंत कसाबसा तग धरतो, पोंग्यातून, म्हणजे गुंडाळलेल्या कोवळ्या फुटीतून, पान बाहेर आल्यावर उणे दोनलाही करपते. २०२१ मध्ये मार्चअखेरच्या उकाड्याने बागा लवकर फुटल्या आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातच हिमाने फ्रान्सभर घात केला. करपलेल्या डोळ्यातून दुसरा कोंब येतो खरा, पण त्यावर घड कमी असतात. निफाडला थंडीच्या लाटेत पहाटे शेकोट्या पेटवतात, त्याची तिथे आठवण येईल. फरक एवढाच की आपण तयार घड वाचवतो आणि ते कोवळी फूट वाचवतात. हेक्टरी तीनशे-चारशे मेणाचे डबे ओळींत मांडून मध्यरात्रीनंतर पेटवतात. काही भागांत तुषार सिंचन असते. पाणी गोठताना किलोमागे सुमारे ऐंशी किलोकॅलरी उष्णता सोडते, त्यामुळे बर्फाच्या कवचातला कोंब शून्याच्या आसपास टिकतो. मात्र पाणी मध्येच बंद पडले तर उघड्या बागेपेक्षा वाईट अवस्था होते. सकाळी बर्फ वितळून गळू लागेपर्यंत पंप थांबवायचा नाही. नोझल बर्फाने बुजते, ते मोकळे करायला चिखलात फिरावे लागते. रबरी हातमोजे इथूनच न्या.

छाटणीच्या वेळी काही वेलींवर एक जादा काडी न बांधता ठेवलेली दिसेल. ती विसरलेली नसून विमा म्हणून राखलेली असते, तेव्हा उत्साहाने कापू नका. मे महिन्याच्या ११ ते १३ या दिवसांच्या संतांना तिथे बर्फाचे संत म्हणतात, ते उलटल्यावर ती काढतात. आपला करार एप्रिलअखेर संपत असेल, तर मेच्या मध्यापर्यंत वाढवून मिळतो का, हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे.