माझ्या फायटर माशाने पाण्यावर बुडबुड्यांचं घरटं केलंय. त्याच्याजवळ मादी सोडू का?

आज तरी नको. घरटं केलं म्हणजे तो मादीची वाट बघतोय, असं नसतं. तब्येत बरी, पाणी कोमट आणि संथ असलं की एकटा नरसुद्धा फेस धरतो. माझा पहिला फायटर तर शेजारच्या बरणीत दुसरा नर दिसला तरी घरटं बांधायला घ्यायचा.

मीही तेव्हा तुमच्यासारखाच हुरळून गेलो होतो. संध्याकाळी दुकानातून ‘मादी’ आणली आणि थेट टाकीत सोडली. अर्ध्या तासात दोघांच्या शेपट्यांच्या चिंध्या! नंतर नीट पाहिलं तर ती मादी नव्हतीच, आखूड परांचा नर होता. या आखूड परांच्या जातीला प्लाकाट म्हणतात. थाई भाषेतल्या या नावाचा अर्थच चावणारा मासा. तेव्हा मादी घेताना पोटाखालचा पांढरा ठिपका बघा. पण कोवळ्या नरालाही तसा ठिपका कधी कधी दिसतो, म्हणून आरसा दाखवून फुगवून बघा. कल्ल्यांखालची दाढी नराची मोठी, मादीची जेमतेम दिसेल एवढी.

खरी मादी मिळाली तरी घाई नको. दोघांना आठ-दहा दिवस वेगवेगळं ठेवून डासांच्या अळ्या, डॅफ्निया (पाण्यातले बारीक किडे) असं जिवंत खाणं द्या. वेगळी टाकी लावा: तळाला वाळू-खडे नकोत, पाणी पाच-सहा इंचच, तापमान २७-२८ अंश, हवेचा पंप बंद. पालथा अर्धा थर्माकोलचा कप तरंगत ठेवा, नर त्याच्याखाली घरटं करतो. रस्त्याकडेच्या देशी बदामाचं वाळलेलं पान धुऊन टाका, पाणी चहासारखं होईल, होऊ द्या. मादीला लपायला एका कोपऱ्यात भरपूर जावा मॉस, म्हणजे पाण्यात वाढणारं शेवाळ, हवंच.

मग कंदिलाची काच टाकीत उभी करून मादी तिच्या आत सोडा. नर बाहेरून मिरवेल, मध्येच घरट्याकडे पळेल, परत येईल. मादीच्या अंगावर उभे पट्टे आले आणि ती डोकं खाली करून त्याच्याकडे वळायला लागली, तर एक-दोन दिवसांनी काच उचला. आडवे पट्टे दिसले तर ती घाबरलेली आहे, त्या दिवशी नाद सोडा. काच काढल्यावर थोडी मारामारी होणारच, दोन-चार पर फाटतील. मात्र तो तिला श्वास घ्यायला वरही येऊ देत नसेल, तर लगेच वेगळं करा.

पुढचं दृश्य मात्र एकदा तरी बघण्यासारखं. घरट्याखाली नर मादीभोवती स्वतःला गुंडाळतो. पहिल्या काही मिठ्या फुकटच जातात, जमत नाही. मग पांढरी, खसखशीएवढी अंडी पडायला लागतात. मादी काही क्षण मेल्यासारखी तरंगते आणि नर खाली सूर मारून एकेक अंडं तोंडात वेचतो, वर नेऊन बुडबुड्यांत थुंकतो. पाणी उथळ ठेवायचं ते यासाठी. हे तासन् तास चालतं. संपलं की नर मादीला हाकलायला लागतो, तेव्हा तिला काढा. थायलंडच्या भातखाचरांतल्या साचलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी, म्हणून अंडी हवेलगत ठेवायची ही युक्ती.

साधारण दीड-दोन दिवसांत पिल्लं फुटतात आणि शेपटी खाली करून घरट्याला लोंबकळतात. घसरलेलं पिल्लू नर तोंडात धरून परत वर ठेवतो, म्हणून रात्रीही मंद दिवा असू द्या. पहिलटकर नर कधी अंडी खाऊनच टाकतो, त्यावर इलाज नाही. आणखी दोन-तीन दिवसांनी पिल्लं आडवी पोहायला लागली की बापालाही बाहेर काढा.

लोक इथवर येतात आणि फसतात. माझ्याकडे पहिल्या खेपेला सव्वाशेच्या आसपास पिल्लं होती, जगली अकरा. कारण त्यांच्या तोंडात मावेल असं खाणंच मी तयार ठेवलं नव्हतं. उकडलेल्या अंड्याचा बलक चुरून टाकला आणि पाणी नासवलं. इन्फ्युसोरिया, म्हणजे कोबीचं पान पाण्यात कुजवून वाढवलेले सूक्ष्मजीव, जोडी लावण्याआधीच सुरू करावे लागतात. आठवड्याभराने मिठाच्या पाण्यात उबवलेली ब्राइन श्रिम्पची (कोळंबीसारख्या बारीक जिवाची) पिल्लं, रोज, ताजी. टाकीवर झाकण घट्ट ठेवा. तीन-चार आठवड्यांची झाल्यावर फायटरची पिल्लं वर येऊन हवा घ्यायला लागतात, तेव्हा वरची हवा थंड लागली तर पटापट मरतात. पुण्यात डिसेंबरात मी हा खेळ करतच नाही.

आणि सगळं जमलंच, तर दोन-अडीच महिन्यांत नर एकमेकांना फाडायला लागतात. पन्नास नर म्हणजे पन्नास बरण्या, आणि पन्नास बरण्यांचं पाणी बदलणं. माझ्या बायकोने त्या वर्षी लोणचं घातलं नाही, बरणीच शिल्लक नव्हती. दुकानदार घेतील या भरवशावर राहू नका, साधे लाल-निळे फायटर त्यांच्याकडे ढिगाने असतात. आधी घेणारे शोधा, मग मादी शोधा.

तोवर आहे ते घरटं राहू द्या. पाणी बदलताना मोडलं तरी हळहळू नका, परवापर्यंत तो दुसरं करेल.