हवेतल्या जीवाणूंचा वाद नंतर, आधी आदेशाची तारीख कळवा

सुधारणा नोटीस (दोष ठरावीक मुदतीत दूर करा, अशी सरकारी नोटीस) आली, मुदत टळली, परवाना निलंबित झाला. मांस प्रक्रिया युनिटवाल्यांची अशी पत्रे वरचेवर येतात. तुमचेही तसेच. पॅकिंग विभागात उघड्या ठेवलेल्या प्लेटवर (हवेतले जीवाणू वाढवून पाहण्याच्या चाचणीच्या बशीवर) वाढलेले जीवाणू पुरावा ठरतात का, यावर तुम्ही दोन पाने लिहिली आहेत. निलंबनाचा आदेश हाती कधी पडला, हे मात्र कुठेच नाही. आणि सगळे त्याच तारखेवर अडले आहे.

अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ३२ खालचे अपील अन्न सुरक्षा आयुक्तांकडे जाते. त्यासाठी निर्णय बजावल्यापासून १५ दिवस मिळतात. सुधारणा नोटिशीलाच आव्हान द्यायचे तर तेवढेही मिळतील असे नाही: हे १५ दिवस किंवा नोटिशीत लिहिलेली मुदत, यांतली जी आधी संपेल ती. तुमच्या नोटिशीत १४ दिवस होते. म्हणजे ती वाट बंद झाली, आणि ती तुम्हीच बंद करून घेतलीत. कूलिंग युनिटचा मेकॅनिक येईपर्यंत नोटीस फायलीत पडून राहिली. मुदत वाढवून मागणारा अर्ज तरी द्यायचा होता! तो लिहायला वकीलही लागत नाही.

निलंबन हा मात्र वेगळा निर्णय आहे आणि त्याचे १५ दिवस वेगळे मोजतात. ते अजून शिल्लक असतील तर आजच अपिलाच्या तयारीला लागा. आयुक्तांचा निर्णय कायद्याने अंतिम असतो. त्यापुढे उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते, पण तिथे तारखांवर तारखा पडतील आणि तोवर युनिट बंद राहील.

त्याच वेळी दुरुस्ती झाल्याचे लेखी कळवून फेरतपासणी मागा आणि पोच घ्या. सुधारणेचे प्रमाणपत्र, म्हणजे दोष दूर झाल्याचा दाखला, नाकारले, तर त्या नकारावरही अपील होते.

प्लेटच्या मुद्द्याचे काय होईल, ते खात्रीने सांगणार नाही. ठरावीक वेळात हवेतून जे खाली बसले तेवढेच प्लेट दाखवते. ते कुठून आले हे नाही, असा युक्तिवाद करता येईल. पण कूलिंग युनिटच्या पंख्यांवर साचलेले पाणी मालावर उडत होते, असे नोटिशीतच लिहिले आहे. तुम्ही ते नाकारत नाही. लिस्टेरियासारखा, अन्नातून आजार पसरवणारा जीवाणू ४ अंश सेल्सिअस तापमानातही वाढतो, त्यामुळे ‘आमची खोली थंडच असते’ हे उत्तर कामाचे नाही. तुमचा खासगी प्रयोगशाळेचा अहवाल सुट्टीच्या दिवशीचा, पंखे बंद असतानाचा आहे. तो जोडू नका, उलट अंगावर येईल. काम चालू असतानाची स्थिती आता दाखवता येणार नाही, पण निदान पंखे चालू ठेवून नवी चाचणी करून घ्या. दुरुस्तीची बिले, तारखेसह फोटो आणि स्वच्छतेच्या नोंदी सोबत लावा.

निलंबन उठेपर्यंत एक किलोही माल काढू नका. तसे झाले तर कलम ६३ खाली विनापरवाना व्यवसायाची कारवाई करण्याचा प्रयत्न होईल, आणि त्यात मोठ्या दंडाची तरतूद आहे. आदेशाची प्रत आणि तो बजावल्याची पोच तेवढी लगेच पाठवा.