‘इडलकाओ’ कोण?

प्रश्न : पणजीत मांडवीकाठी जुने सचिवालय आहे, त्याला ‘इडलकाओ पॅलेस’ म्हणतात. हा इडलकाओ कोण? आणि त्या वास्तूला राजवाडा म्हणावे की महाल?

उत्तर : आधी तो ‘ड’ काढा. पोर्तुगीज ‘द’ दातांवरचा आहे. रोमन लिपीतले नाव इंग्रजी डोळ्यांनी वाचायची आपली खोड, त्यातून ही इडली वाफवली गेली. मागे आबे फारियांच्या, म्हणजे संमोहनविद्येसाठी गाजलेल्या गोमंतकीय पाद्रींच्या, पुतळ्यापाशी उभा होतो, तर एक वाटाड्या शेजारच्या याच इमारतीकडे बोट दाखवून पंधरा-वीस जणांना सांगत होता, ‘इडलकाओ नावाच्या पोर्तुगीज सरदाराचा बंगला.’ मंडळी माना डोलवत होती. फारियांचे संमोहन अजून चालू असावे!

हा पोर्तुगीज नव्हेच. इदलकांव म्हणजे आदिलखान. विजापूरच्या युसुफ आदिलखानाने १५०० च्या सुमारास इथे उन्हाळ्यात राहायला वाडा बांधला, भोवती खाऱ्या पाण्याचा खंदक. १५१० मध्ये आल्बुकेर्कने गोवा घेतला, वाडा गेला, नाव मात्र मालकाचेच राहिले.

आता ‘खान’चा ‘कांव’ कसा झाला? पोर्तुगीजांच्या तोंडी शेवटचा ‘आन’ नाकात शिरतो : सुलतानचा ‘सुल्तांव’, तसा खानचा ‘कांव’. (याच उच्चाराचा त्यांचा दुसरा शब्द म्हणजे कुत्रा. शत्रूचे नाव घेताना तेवढीच गंमत.) आणि हा ‘आंव’ आपल्याला परका नाही. त्यांच्या ‘पांव’चा आपण पाव केला, ‘लैलांव’चा लिलाव. म्हणजे रीतसर मराठी रूप होईल इदलकाव. ‘काओ’ कुठून आणता? पावाला कधी ‘पाओ’ म्हटलेत?

खरी मौज ‘इदल’मध्ये आहे. ‘पोर्तुगीजांना आदिल म्हणता येईना, म्हणून अपभ्रंश झाला’ असे जाणकारही बिनदिक्कत लिहितात. आल्बुकेर्क आणि आंतोनियो म्हणणाऱ्यांची जीभ ‘आ’वर अडेल? सोळाव्या शतकात गोव्यात राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता तर ‘आदेलहाम’ असे लिहूनच गेला आहे. उलट आपल्या बखरी नि जुनी पत्रे उघडा : ‘इदलशाही’, ‘येदिलशाही’. तो ‘इ’ आपल्या तोंडचा! माझे म्हणणे असे, की पोर्तुगीजांनी हे नाव दरबारातल्या फारसीतून उचललेच नाही. बंदरावरच्या, बाजारातल्या इथल्या माणसांकडून ऐकले आणि जसे ऐकले तसे लिहिले. अपभ्रंश असेल तर तो आपला, त्यांनी फक्त टिपला.

ओर्ताचे सगळेच मानू नका. युसुफला पोर्तुगीज ‘सबायो’ही म्हणत. तो ‘साहेब’वरून आला असे ओर्ता सांगतो, ते साफ चूक. पोर्तुगीज इतिहासकार बारूशने म्हटल्याप्रमाणे तो इराणातल्या सावा गावावरून, म्हणजे सावेकर. सबायोचा वाडा वेगळा, जुन्या गोव्यातला, जिथे पुढे इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड्यांना शिक्षा करणारे चर्चचे न्यायासन, बसले. या दोन वाड्यांची गल्लत करणारे लेख दर वर्षी वाचतो.

आणखी एक. नावात ‘शहा’ नाही, ‘खान’ आहे, ते बरोबरच आहे. हे मूळचे बहमनींचे सरदार, आणि मोगल तर पुढेही त्यांना आदिलखानच म्हणत राहिले.

राहिला राजवाडा की महाल. उतरत्या कौलांचे, ओळीने खिडक्यांचे ते मांडवीकडे तोंड करून बसलेले घर पाहून महाल कुणाला सुचेल? फिरंग्यांनी ते पुन्हा बांधले, १७५९ पासून १९१८ पर्यंत त्यांचे व्हाइसरॉय नि गव्हर्नर तिथे राहिले, मग ते दोना पावलाजवळच्या काबोला गेले आणि इथे कचेऱ्या आल्या. मुक्तीनंतर विधानसभाही इथेच भरे, २००० साली ती पर्वरीला गेली. वाडा म्हणा. इदलखानाचा वाडा.